त्या दिवशी मी जेवलो होतो का?

मुलाखतीला गेलेला माणूस समोर बसलेल्या साहेबांनाच उलट प्रश्न विचारतो, हे माझ्या त्या वेळच्या खोलीतल्या सोबत्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं नाही. प्रश्न एकच असायचा. साहेबांनी म्हणायचं, "समजा, असं असं घडलं, तर तुम्ही काय कराल?" आणि यांनी शांतपणे विचारायचं, "त्या दिवशी मी जेवलो होतो का?"

साहेब चिडायचे. कुणी हसायचे. एकानं तर शिपायाला बोलावून यांना बाहेर काढलं होतं. पण त्यात थट्टा आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. "उपाशी असलो की मी येगळा माणूस असतो, जेवल्यावर येगळा," ते मला समजावून सांगायचे. "कोणाचं उत्तर पायजे ते आधी कळाया नको का? ह्या समजा म्हणणाऱ्यांचं एक बघा तुम्ही. समदे जेवून आलेले असतेत."

त्यांच्याबद्दल लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. आता टाळायला फारसे दिवस उरलेले नाहीत. त्यांची एक गोष्ट मी माझी म्हणून आयुष्यभर वापरली आहे, ती परत करायची आहे. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. लिहिलं तर त्यांच्या मुलीकडे उगीच कुणीतरी चौकशीला जाईल.

औरंगपुऱ्यात फोटोंना फ्रेम करून देणाऱ्या एका दुकानाच्या वर आमची खोली होती. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी बी. कॉम. होऊन नोकरी शोधत होतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगायची नाहीतर कारकुनी करायची, तिसरं काही कुणाला येत नव्हतं. ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. बिडकीनच्या अलीकडे त्यांचं गाव, थोडी कोरडवाहू जमीन, आणि तिथं बायको व मुलगी. इथं ते खालच्या दुकानात काचा कापायचे. पक्की नोकरी लागली की दोघींना शहरात आणायचं आणि मुलीला चांगल्या शाळेत घालायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. "पोरगी पाढे म्हणायली की जनावरं बी चरायचं थांबतेत," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे.

त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून सुरू झालं होतं. पोलीस ॲक्शननंतर शाळा तीच, मास्तर तेच, आणि भाषा मराठी. "आमच्या मास्तरलाच येत नव्हतं, तर आम्ही काय शिकावं? निम्मं डोकं उजवीकडून लिहितं, निम्मं डावीकडून. मधी टकरतेत."

पण माणूस हुशार. सकाळी नळाचं काम आटोपलं की आजूबाजूच्या खोल्यांतली नोकरी शोधणारी पोरं आमच्या गॅलरीत जमायची. हे पालथ्या बादलीवर बसायचे, खांद्यावर टॉवेल टाकायचे आणि साहेब व्हायचे. "समजा, तुम्ही कंडक्टर. गाडीत तहसीलदाराचा मेहुणा बसलाय. तिकीट काढीना. बोला." पोरगं अडखळलं की स्वतःच सांगायचे, "म्हणायचं, नम्रपणे विनंती करीन, न ऐकल्यास वरिष्ठांना कळवीन. वरिष्ठांना कळवीन ह्याच्यावर जगात कोणी चिडत नाय." त्या बादलीसमोर बसून कितीतरी जण नोकरीला लागले.

"मग तुम्ही का नाही म्हणत तसं?" मी एकदा विचारलं.

"मला ते करायचं नसतंय ना," ते म्हणाले.

स्वतः आत गेल्यावर ते काय बोलून येतील याचा नेम नसायचा. एका पतसंस्थेत तिघे जण बसले होते. "समजा, वरिष्ठांनी खोट्या बिलावर सही करायला सांगितली, तर?" यांनी विचारलं, "कोणत्या वरिष्ठांनी?" मग तिघांची तोंडं नीट न्याहाळली. "ह्यांनी सांगितलं तर नाय करणार. ते भले दिसतेत, परत म्हणायचे नाईत. पण ह्या मधल्यांनी सांगितलं तर करावीच लागंल. डोळे लई वाईट हायेत त्यांचे."

दुसऱ्या वेळी एका शाळेत कारकुनाची जागा होती. मुख्याध्यापकांनी विचारलं, "समजा, शाळेला आग लागली. तुम्ही सगळ्यांत आधी काय वाचवाल?" आमच्यासारख्याचं उत्तर ठरलेलं. आधी मुलं, मग दप्तर. हे म्हणाले, "आधी मी पळंन. बाहीर आल्यावर लाज वाटंल. मग माघारी जाईन. माघारी जाईस्तोवर काय काय जळंल ते आत्ता कसं सांगू?"

हे ऐकून मी त्यांच्यावर ओरडलोच. "अहो भाऊ, असं कुणी सांगतं का?"

"झालंय तसं," ते म्हणाले. "आमचा गोठा पेटला तव्हा आधी मी पळालो. मग माघारी गेलो. एक बैल निघाला, एक नाय निघाला. शाळेत तर लेकरं असतेत. तिथं खोटं कसं सांगू?"

त्यांच्याबरोबर राहायचं म्हणजे असं अधूनमधून आपलं शहाणपण उघडं पडायचं.

किल्लीची गोष्ट त्यांनी मला अशीच गॅलरीत सांगितली. दुष्काळात ते पैठण तालुक्यात एका पाझर तलावाच्या कामावर हंगामी कारकून होते. कामावरच्या लोकांना सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, खायला मिळायची. तिची पोती एका पत्र्याच्या शेडमध्ये आणि शेडची किल्ली यांच्याकडे. एकदा वाटपाचा हुकूम घेऊन येणारी जीप आलीच नाही. लोक सकाळपासून माती वाहत होते. दुपार कलली तसे सगळे शेडपुढं जमले. एक बाई सगळ्यांत पुढं होती. "ह्याच्या घरी चूल पेटती, म्हणून हा आपल्याला हुकूम दाखवायला," असं ती ओरडत होती. लोकांच्या हातात फावडी होती.

यांनी खिशातून किल्ली काढली आणि त्या बाईच्या हातात ठेवली. "बाई, आजच्या दिस सायब तुम्ही. मी रांगेत जातो." आणि खरोखरच जाऊन सगळ्यांच्या मागं उभे राहिले.

बाईनं किल्ली उलटसुलट करून बघितली. मग पदर खोचला आणि वाटायला लागली. आधी लेकरं, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. ओंजळ भरून प्रत्येकाला. तिचा सख्खा दीर दोन भांडी घेऊन आला होता, त्याला तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "दोन कशाला? पोट एकच हाय ना तुला?"

गोष्टीच्या शेवटाला त्यांना हसू आवरायचं नाही. यांचा नंबर आला तेव्हा त्या दिवसापुरतं काढलेलं पोतं संपलं होतं. बाईनं दुसऱ्या पोत्याला हात लावला नाही. कुलूप घातलं, किल्ली यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "सायब, तुमचं उद्या."

"उपाशी झोपलो," ते हसत हसत सांगायचे, "अन् बिनहुकमी वाटप केलं म्हणून कामावरून बी गेलो. पण काय बाई होती! मला सुद्धा नाय दिलं तिनं."

मला तो शेवट पटला नव्हता. एवढं सगळं करून हाती काय आलं, असंच वाटलं होतं.

चिकलठाण्याकडे तेव्हा नवे कारखाने निघत होते. त्यातल्या एकात स्टोअरकीपरची जागा निघाली. आम्ही दोघांनीही अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी सकाळी माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्यांनी स्टोव्हवर भाकरी केल्या, पिठलं केलं आणि समोर बसून मला जेवायला लावलं. "खा. सायबासमोर उपाशी जायचं नाय. उपाशी माणूस भलतंच बोलून बसतो." शेवटची भाकरीसुद्धा त्यांनी माझ्याच ताटात टाकली आणि आपण नुसत्या चहावर निघाले. सायकल त्यांनी मारली. माझा इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून मी मागं कॅरिअरवर ताठ बसलो होतो.

तिथं शिपायानं आधी त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शिपायाला म्हणाले, "ह्या ग्रॅज्वेटला आधी जाऊ द्या, मामा. पोरगं घाबरायलंय. बसून बसून पडंल इथंच." ते मला ग्रॅज्वेटच म्हणायचे.

म्हणून मी आधी आत गेलो.

पर्सोनेल ऑफिसर पुण्याकडचे होते. बोलणं मऊ, नजर बारीक. त्यांनी विचारलं, "समजा, रात्रपाळी आहे. स्टोअरची किल्ली तुमच्याकडे आहे. कामगार चिडून दारात जमा झालेत, आतला माल मागताहेत. काय कराल?"

"वरिष्ठांना कळवीन."

"फोन बंद आहे."

"शिपायाला पाठवीन."

"शिपाई त्यांच्यातच उभा आहे."

मी पाठ केलेलं सगळं संपलं. मग माझा आवाज मला ऐकू आला. "असं माझ्या बाबतीत प्रत्यक्ष घडलेलं आहे, साहेब. पैठण तालुक्यात, पाझर तलावाच्या कामावर." पुढं सगळं बिनचूक बाहेर पडत गेलं. शेड, जीप, ती बाई, तिचा दीर. मी ऐकत होतो आणि मीच बोलत होतो. "आणि मी स्वतः रांगेत सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो," असं म्हणून मी थांबलो. पुढचं सांगितलं नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं.

बाहेर ते वऱ्हांड्यात उकिडवे बसले होते. "काय इचारलं?"

"साधंच," मी म्हटलं.

ते आत गेले. लवकरच बाहेर आले.

"काय विचारलं?" मी विचारलं.

"साधंच," ते म्हणाले, आणि सायकलीचं कुलूप काढायला लागले.

माझी निवड झाली. कळल्याबरोबर त्यांनी गॅलरीतून हाळी दिली, "आपला ग्रॅज्वेट लागला रे!" इम्रती आणली, खालच्या दुकानापासून वरपर्यंत वाटली. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. त्यांना काही कळलेलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

एक गोष्ट मात्र बदलली. ते गोष्टी अर्ध्यावर सोडायला लागले. रंगात येऊन सांगत असायचे आणि ऐन शेवटाला उठायचे. पोरं ओरडायची, "मग काय झालं भाऊ?" तर म्हणायचे, "शेवट तुम्ही लावा." मला वाटलं, यांच्या तऱ्हांमध्ये आणखी एकीची भर पडली.

थोड्याच दिवसांनी ते गावी परत गेले. काचा कापून दोन चुली चालत नव्हत्या. ट्रंक सायकलला बांधताना म्हणाले, "ग्रॅज्वेट, येळेवर जेवत जा." मी मान हलवली. बिडकीन इथून किती लांब? पण मी कधी गेलो नाही.

कारखान्यात ती गोष्ट माझ्या आधीच पोचली होती. साहेबांनीच ती वर सांगितली असावी. मला "किल्लीवाले" म्हणायला लागले. नवीन कामगार आला की त्याला कुणीतरी ती ऐकवायचं. मी नको नको म्हणून हात हलवायचो आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. पुढं पुढं मला त्या तापलेल्या पत्र्याचा वास आठवायला लागला, त्या बाईच्या हातातली काचेची बांगडी आठवायला लागली. मी त्या शेडमध्ये कधी पाऊल ठेवलेलं नाही. निवृत्तीच्या समारंभात भाषण करणाऱ्या प्रत्येकानं ती गोष्ट सांगितली. माझी बायको पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती.

मुलाखत घेणारे ते साहेब निवृत्तीनंतर इथंच राहिले. पत्नी गेल्यावर एकटेच असायचे. मी दिवाळीत त्यांच्याकडे जायचो. अशाच एका भेटीत, फराळाचं ताट पुढं करता करता ते म्हणाले, "अहो, तुमच्या मागून एक जण आत आला होता बघा, मुलाखतीच्या दिवशी. तुमच्याबरोबरचाच. काय झालं त्याचं?"

मी हातातला लाडू परत ताटात ठेवला.

"तुम्हाला आठवतं, साहेब?"

"तसा माणूस विसरतो का कुणी? त्याला मी तोच प्रश्न घातला. तर मलाच विचारतो, त्या दिवशी मी जेवलो होतो का! मी म्हटलं, समजा नव्हतात. मग त्यानं तुमचीच गोष्ट सुरू केली. मी मध्येच थांबवलं. म्हटलं, गृहस्था, ही गोष्ट आत्ताच ऐकली आम्ही. आधीच्या उमेदवारानं स्वतःची म्हणून सांगितली."

"मग?"

"त्यानं एकदा दाराकडे बघितलं. मग विचारलं, 'त्यांनी शेवट सांगितला का?' मी म्हटलं, रांगेत मागं उभे राहिले, हाच ना शेवट? तर हसला. म्हणाला, 'नाय सायब. मला मिळालंच नाय, पोतं संपलं होतं. शेवट येगळा हाय म्हंजी त्यांची गोष्ट येगळी असंल. दुष्काळात अशा लई किल्ल्या फिरल्या. तुम्ही त्यांना खोटं धरू नका.' आणि नमस्कार करून गेला."

 

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," मी कसंबसं म्हटलं.

"न कळायला काय झालं? बनवून सांगणारा स्वतःला उपाशी ठेवून गोष्ट संपवत नाही."

"तरी मला घेतलंत?"

साहेबांना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "अहो, मला स्टोअर सांभाळायला माणूस हवा होता. खरोखर किल्ली देऊन टाकणाऱ्याला मी किल्लीवर कसा बसवू? दिल्याची गोष्ट सांगणारा बरा. आणि माझी निवड चुकली का? उभ्या नोकरीत तुम्ही किल्ली कुणाच्या हाती दिली नाहीत. चिवडा घ्या ना."

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. भाऊंना त्याच दिवशी, मुलाखतीच्या खोलीतच कळलं होतं. तरी ते बाहेर येऊन "साधंच" म्हणाले होते. मला कॅरिअरवर बसवून परत घेऊन आले होते. इम्रती वाटली होती.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्या गावी गेलो. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी भेटली, केस पिकलेली, रस्त्याकडेच्या घराच्या ओट्यावर तूर पाखडत होती. मी सांगितलं, आम्ही औरंगपुऱ्यात एका खोलीत राहायचो. तिनं सूप खाली ठेवलं.

"ग्रॅज्वेट काका व्हय तुम्ही? तात्या लई सांगायचे तुमचं. आमचा ग्रॅज्वेट लई मोठा सायब झालाय म्हणायचे."

मी विचारलं, "गोष्टी सांगायचे का?"

"सांगायचे की. पण अर्ध्याच. शेवट तू लाव म्हणायचे. एक ती सुकडीची तेवढी पुरी सांगायचे." ती हसली, अगदी त्यांच्यासारखी. "मला नाय दिलं बाईनं, म्हणायचे, अन् खो खो हसायचे."

"तू किती शिकलीस?" मी विचारलं. हे मी विचारायला नको होतं.

"सातवी. तात्याची शहरातली नोकरी झाली नाय ना." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "बसा, भाकरी टाकते. जेवल्याबिगर जायचं नाय."

मी न जेवता निघालो. जे सांगायला गेलो होतो तेही सांगितलं नाही.

आणि आता परवाची गोष्ट. माझ्या नातीची मुलाखत आहे, बिडकीनच्याच बाजूला उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात. लॅपटॉप उघडून तिची तयारी चालली होती. मला म्हणाली, "आजोबा, समजा असं झालं तर काय कराल, हे आजकाल विचारतातच. तुमची किल्लीची गोष्ट सांगू? आमच्या घरात हे घडलंय म्हणून?"

मी तिला लॅपटॉप मिटायला सांगितलं. मग जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. कुणासमोर खरं सांगायची ती पहिलीच वेळ. त्या सकाळच्या जेवणाचं तेवढं सांगायचं राहिलं. ती बाईच्या दिराला हसली, साहेबांच्या बोलण्याला तिनं तोंडावर हात घेतला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, पण तुमचेही दिवस किती वाईट असतील तेव्हा. पोटात काही नसलं की माणसाच्या तोंडून काहीही निघून जातं."

ती माझ्यासाठीच बोलत होती. पण मला ते ताट दिसलं, त्यात पडलेली शेवटची भाकरी, आणि समोर नुसता चहा पिऊन माझ्या घासांकडे लक्ष ठेवून बसलेला माणूस.

"नाही गं," मी म्हटलं. "त्या दिवशी मी जेवलेलो होतो."